ओठांवरचा क्रूस

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ग्रामसभांतल्या हमरीतुमरीच्या बातम्या आपल्या दैनिकात दर सोमवारी असतात. जुलैमधल्या अशाच एका गोंधळाला मी कारण झालो, म्हणून हे पत्र.

त्या रविवारी सकाळी मी चर्चमध्ये मिस्साला गेलो होतो. शुभवर्तमान वाचण्यापूर्वी आम्ही अंगठ्याने कपाळावर, ओठांवर आणि छातीवर लहानसा क्रूस काढतो. ओठांवरचा कशाला, असे लहानपणी विचारले तेव्हा आई म्हणाली होती, तोंडाला कडी म्हणून. अकरा वाजता त्याच तोंडाने मी शेजाऱ्याला भर सभेत सुनावले, "मुंडकाराच्या पोराने भाटकाराला शिकवू नये!" (आमच्या गोव्यात भाटकार म्हणजे जमीनमालक, मुंडकार म्हणजे त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा.)

विषय होता पावसाच्या पाण्याचा. त्याच्या नव्या कुंपणाने गटार अडते आणि माझ्या अंगणात घोटाभर पाणी साचते. तक्रार खरी होती. पण त्या वाक्यानंतर गटार राहिले बाजूला. संध्याकाळपर्यंत माझा व्हिडिओ वाड्यावर घरोघर पोचला. मुंडकाराला कुणी घराबाहेर काढू नये म्हणून 1975 साली कायदा झाला. मी इतक्या वर्षांनी ते काम जिभेने केले. मराठी चौथीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलेले. यंदा चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, त्यांच्याकडून नेवऱ्यांचे (करंज्यांचे) ताट आले नाही. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच.

जीभ ही रान पेटवणारी ठिणगी, हे बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातले वचन मला पाठ आहे. (पाठ असून काय उपयोग!) पण "तू गप्पच बसायला हवे होतेस" असे जे आता सांगतात, त्यांचेही मला पटत नाही. प्रमुख याजकापुढे शिपायाने थप्पड मारली तेव्हा येशू गप्प राहिला नव्हता. वाईट बोललो असेन तर दाखवून दे, बरे बोललो असेन तर का मारतोस, एवढेच त्याने विचारले. शिपायाच्या बापजाद्यांवर गेला नाही. माझे गटारही तेवढ्याच शब्दांत मांडून झाले असते.

परवा शेजाऱ्याकडे जाऊन आलो. खुर्ची दिली, चहा दिला. बोलला तो फक्त पावसावर. ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी गटाराचा विषय पुन्हा मांडणार आहे. त्याआधी माफी मागेन, तीही माईकवरून. बोललो होतो माईकवरूनच.

आपला,
एक वाचक, डिचोली तालुका
(नाव छापू नये, गाव लहान आहे.)