वर्षाच्या आत बाळ डावखुरं नसतं

संपादक महोदय, स.न.वि.वि.

माझी मुलगी आता पहिलीत आहे. नऊ महिन्यांची असताना तिचं बोरन्हाण केलं, सगळी पोरं बोरं-चुरमुऱ्यांवर तुटून पडलेली आणि ही फक्त डाव्या हाताने उचलत होती, उजवीकडे पडलेलं बोरसुद्धा अख्खं अंग वळवून डाव्यानेच, उजव्याची मूठ घट्ट, अंगठा आत. सगळे म्हणाले आजोबांवर गेलीय, डावखुरी. मलाही कौतुकच वाटलं. रोज आंघोळीला ती मूठ उकलून आतला मळ काढायचे, झबल्याच्या उजव्या बाहीतून हात सुटता सुटायचा नाही, तरी डोक्यात काही आलं नाही.

लसीच्या वेळी विचारलं तर डॉक्टर म्हणाले, होईल, काही मुलं सावकाश शिकतात. त्यात पाच महिने गेले. मग दुसऱ्या डॉक्टरांनी एमआरआय करायला लावला, मेंदूच्या डाव्या बाजूला (उजवा हात तीच चालवते) जुन्या स्ट्रोकची, म्हणजे रक्तपुरवठा बिघडून झालेल्या इजेची खूण निघाली, जन्माच्या आधी नाहीतर जन्माच्या आसपास झालेला. बाळाला पोटात स्ट्रोक होऊ शकतो हेच मला माहीत नव्हतं! निदान झालं सेरेब्रल पाल्सीचं, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हातपाय नीट न चालण्याचं, पायाला किंचित, हाताला जास्त.

म्हणून हे पत्र. वर्षाच्या आत बाळ एकच हात वापरत असेल तर ते डावखुरं किंवा उजखुरं नसतं, हात कुठला आवडतो ते नंतर ठरतं. दुसरा हात का चालत नाही ते लगेच तपासून घ्या. या आजारात दोष हातात नसतो, हात चालवणाऱ्या मेंदूत असतो, त्यामुळे नुसत्या मालिशीने तो सुटत नाही (आमच्या मालिशवाल्या मावशींनी जीव ओतला, त्यांच्यावर राग नाही). आणि लहान वयात मेंदू पटकन शिकतो, म्हणून ते पाच महिने मला अजून टोचतात.

थेरपिस्टने चांगल्या हातात मोजा घालून दुसऱ्याला कामाला लावायला शिकवलं, पहिले दिवस नुसते रडारडीचे. नंतर दोन्ही हातांची कामं. मटार सोलणं हा आमचा सगळ्यात मोठा व्यायाम, शेंग उजव्याने नुसती धरून ठेवायची, डाव्याने सोलायची. रात्री स्प्लिंट, म्हणजे हात सरळ ठेवणारी पट्टी. मनगट आखडलं तेव्हा स्नायू सैल करणारं बोटॉक्सचं इंजेक्शन दिलं, पण त्याच्यापाठोपाठ व्यायाम हवाच नाहीतर त्याचा उपयोग टिकत नाही. या आजारात फिट येतात का, एका बाजूचं कमी दिसतं का, हेही डॉक्टरांकडून तपासून घ्या.

हा आजार वाढत जात नाही पण हात न वापरता ठेवला तर आखडत जातो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून आहे, अंगणवाडीत तपासणीला डॉक्टर येतात, त्यातून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे मुलांच्या अडचणींवर लवकर उपचार करणाऱ्या केंद्रात, मोफत पाठवतात. हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. माझी विनंती एवढीच की अंगणवाडीताईंनी बाळासमोर एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून खुळखुळा धरून बघावा, दोन मिनिटांचं काम आहे. आणि बोरन्हाणाचा व्हिडिओ तर आता घरोघरी असतो, बाळ दोन्ही हातांनी बोरं उचलतंय का ते आज परत लावून बघा.

एक आई, सातारा