मेडिकलची दुकाने मोजून औषधाची सोय कळत नाही

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

इंदूरमधल्या आमच्या लोकमान्य नगराच्या आसपास मेडिकलच्या दुकानांना तोटा नाही. एकाच रांगेत दोन-तीन पाट्या दिसतात. तरी माझ्या पत्नीची गोळी त्यांपैकी एकाही दुकानात हमखास मिळत नाही. हे एकट्या आमच्या घरचे रडगाणे असते तर आपल्या पत्राची जागा अडवली नसती.

पत्नीला पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात आहे. लेव्होडोपा-कार्बिडोपाची गोळी तिला दिवसातून पाच वेळा, ठरलेल्या वेळी लागते. अर्धा तास इकडेतिकडे झाला तर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी तिचे पाय खिळल्यासारखे अडतात, आणि तिला मागे घ्यावे की पुढे न्यावे हे मला कळत नाही. ही गोळी एकाएकी बंद पडली तर ताप चढून, अंग ताठरून जिवावर बेतू शकते, असे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बजावले होते. आणि काउंटरवर उत्तर ठरलेले: "काका, कल शाम तक मंगवा दूंगा." ती 'कल शाम' कधी परवावर जाते. मग मी आरएनटी मार्गावरचा दवा बाजार गाठतो. तिथे गोळी मिळते. पण मी घराबाहेर असताना पत्नीजवळ बसायला शेजारच्या वहिनींना बोलवावे लागते, आणि ज्यांना अशा वहिनी नाहीत त्यांनी काय करावे?

दुकानदारांवर माझा राग नाही. महिन्याला एखादेच गिऱ्हाईक असलेली गोळी ठेवायची म्हणजे पैसे अडकतात आणि मुदत संपली की नुकसान सोसावे लागते. म्हणून प्रत्येक जण अ‍ॅसिडिटी, बीपी, शुगर, डायपर आणि प्रोटीनचे डबे ठेवतो. शेजारच्या दुकानातही नेमके तेच असते. पण आमच्या भागात पार्किन्सन्सचे रुग्ण किती, मिरगीचे किती, इन्सुलिन घेणारे किती, हे त्याला सांगणार कोण? आम्ही सगळे वेगवेगळ्या दुकानांत, वेगवेगळ्या दिवशी विचारतो आणि रिकाम्या हाताने परततो. आमच्यासारखी आठ-दहा घरे एकाच दुकानदाराला माहीत असती तर त्याने ती गोळी आनंदाने ठेवली असती. गरज आहे, ती कुणी मोजलेली नाही.

कायदा काय पाहतो, तेही सांगतो. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालच्या नियमांनुसार किरकोळ दुकानाला किमान दहा चौरस मीटर जागा हवी, औषधे योग्य तापमानात ठेवण्याची सोय हवी, नोंदणीकृत फार्मासिस्ट हवा. या अटी योग्यच आहेत. मात्र त्या भागात आणखी एका दुकानाची गरज आहे का, जवळच्या एखाद्या वस्तीत एकही दुकान नाही असे तर नाही ना, हा प्रश्न परवाना देताना कुणी विचारत नाही. म्हणून एका चौकात गर्दी होते आणि नव्या कॉलनीत शुकशुकाट राहतो.

माझी पुतणी इंग्लंडमध्ये लेस्टरला असते. तिथे तिला एक प्रश्नावली आली होती: तुमचे औषधाचे दुकान घरापासून किती लांब आहे, पायी जाता की गाडीने, रविवारी उघडे असते का, दुकानातली कोणती सेवा अपुरी वाटते. तिथे याला 'फार्मास्युटिकल नीड्स असेसमेंट' म्हणतात. २०१३ पासून ही जबाबदारी प्रत्येक भागातल्या आरोग्य मंडळावर आहे आणि साधारण दर तीन वर्षांनी नवा अहवाल काढावा लागतो. भागातली सगळी दुकाने नकाशावर दाखवतात, त्यांच्या वेळा लिहितात, मसुद्यावर सूचना मागवायला किमान साठ दिवस देतात, आणि सरकारी आरोग्यसेवेची औषधे देणारे नवे दुकान उघडू द्यायचे की नाही ते ठरवताना हाच अहवाल पाहतात. तिथे सगळे आलबेल आहे असे नव्हे. गेल्या काही वर्षांत तिकडची कितीतरी दुकाने बंद पडली. पण कुठल्या भागात उणीव राहिली, ते निदान कागदावर येते, आणि कागदावर आले की जाब विचारता येतो.

अंतर आणि वेळ यांच्याइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे काउंटरमागे उभा असलेला माणूस. मागच्या पावसाळ्यात पत्नीला उलट्या होऊ लागल्या. जवळच्या दुकानातल्या मुलाने, मी तिची फाईल पुढे केलेली असताना, ती न उघडताच मेटोक्लोप्रामाइडच्या चार गोळ्या कापून दिल्या. ओआरएस मिळाले नाही म्हणून मी पुढच्या दुकानात गेलो. तिथले वयस्क फार्मासिस्ट स्वतः बसतात. त्यांनी फाईल पाहिली आणि विचारले, "आणखी काय दिलंय?" मी गोळ्या दाखवल्या. कापलेल्या तुकड्यावर नाव अर्धेच होते आणि मुदतीची तारीख नव्हतीच, तरी त्यांनी ओळखले. म्हणाले, "ही देऊ नका. मेंदूतल्या ज्या डोपामिनसाठी यांचं औषध चालू आहे, त्याचंच काम ही गोळी अडवते. अंग आणखी आखडेल. डॉक्टरांना फोन करा, दुसरी लिहून देतील." फोन केला. डॉक्टरांनी तेच सांगितले.

चिठ्ठी तपासणे आणि रुग्णाला समजावून सांगणे हे फार्मासिस्टचे काम आहे, असे २०१५ चे फार्मसी प्रॅक्टिस नियम स्पष्ट म्हणतात. भिंतीवर फ्रेममध्ये प्रमाणपत्र लावलेले असते. ज्याचे नाव त्यावर आहे तो माणूस दुकानात असतो का, एवढेच कुणी संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी जाऊन पाहावे. २०२५ मध्ये आपल्याच प्रदेशातल्या छिंदवाड्यात विषारी कफ सिरपमुळे मुलांचे जीव गेल्यावर बाटल्यांची तपासणी झाली. ती व्हायलाच हवी होती. पण बाटली कुणाच्या हातून, कोणते प्रश्न विचारून दिली जाते, तेही तितकेच तपासायला हवे.

रात्रीचा प्रश्न वेगळाच. सराफ्याच्या खाऊगल्लीत मध्यरात्रीनंतरही खवय्यांची गर्दी असते, पण आमच्या वस्तीतल्या आजोबांना रात्री दोन वाजता इनहेलर हवा असला तर एखाद्या मोठ्या हॉस्पिटलकडे धाव घ्यावी लागते. इन्सुलिनचे तर विचारूच नका. न उघडलेली कुपी दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते. रात्री दुकान बंद करताना जर कुणी मेन स्विचच खाली ओढत असेल, तर सकाळी ती कुपी कितपत उपयोगाची राहते?

२०१७ पासून आपले शहर देशात स्वच्छतेत पहिले येत आले ते दारोदार जाऊन, लोकांना विचारून, कचऱ्याचा हिशेब ठेवून. तीच शिस्त औषधांना लावता येईल. महापालिकेचे ८५ वॉर्ड आहेत. औषध प्रशासनाला सोबत घेऊन एकेका वॉर्डात पाहावे: दुकाने किती आणि कुठे, रात्री व रविवारी कोणते उघडे, फार्मासिस्ट हजर कधी असतो, जनऔषधी केंद्र पायी जाण्याजोगे आहे का, आणि कायम औषध लागणारे रुग्ण कोणत्या आजारांचे आहेत. रुग्णांची नावे नकोत, आकडे पुरेत. ते आकडे वॉर्डातल्या दुकानदारांना द्यावेत. रात्रीची पाळी आळीपाळीने वाटून घेता येईल का, हे त्यांच्या संघटनेशी बोलून ठरवावे.

महापालिका हलेपर्यंत थांबायचेही कारण नाही. गणेशोत्सवाच्या वर्गणीला आपल्या मंडळांची मुले घरोघर जातात. पावतीपुस्तकासोबत एक कागद न्यावा आणि घरात रोजचे कोणते औषध मिळायला अडचण येते, एवढेच विचारावे. आमच्या गल्लीपुरती अशी यादी मी सुरू केली आहे. वर उल्लेख केलेल्या वयस्क फार्मासिस्टांनी ती पाहायला मागितली असून, चार घरे जमली तर पत्नीची गोळी दुकानात कायम ठेवीन असे सांगितले आहे. पत्नी धरून सध्या तीन रुग्ण मिळाले आहेत. लोकमान्य नगर, सुदामा नगर, वैशाली नगर या भागांतल्या ज्या कुटुंबांना ही गोळी लागते, त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत माझ्याशी संपर्क साधावा, ही विनंती.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक
लोकमान्य नगर, इंदूर