बाई, तुमच्या युक्रेनियनच्या तासांसाठी

आदरणीय बाई,

तुम्हाला युक्रेनियनमध्ये वेगळं पत्र पाठवलंच आहे. हे मराठीत लिहितेय ते माझ्या माणसांसाठी. इवानो-फ्रांकिव्स्कच्या वैद्यकीय विद्यापीठात तुम्ही आम्हाला काय दिलंत, हे त्यांनाही कळायला हवं.

इकडच्या पालकांना वाटतं, इंग्रजी माध्यम म्हटलं की भाषेचा प्रश्न मिटला. पुस्तकं इंग्रजी, लेक्चर इंग्रजी, हे खरं. पण वॉर्डात पाय ठेवला की खाटेवरचा पेशंट युक्रेनियनच बोलतो. म्हणून ही भाषा परदेशी मुलांच्या अभ्यासक्रमातच असते. बरीच जणं ती पास होण्यापुरती करतात. तुमच्या वर्गात ते शक्यच नव्हतं.

तुम्ही स्वतः पेशंट व्हायचात. डोक्याला रुमाल बांधून कार्पेथियन डोंगरातली हुत्सुल (तिथल्या डोंगरी लोकांतली) आजी होऊन खुर्चीत बसायचात. ‘दे बोलित?’, कुठे दुखतंय, असं आम्ही विचारलं की आधी गाय, मग नातू, मग गेल्या वर्षीचा पाऊस. छातीतली कळ त्या बोलण्यात मधेच कुठेतरी येऊन जायची. ती पकडायची तर सातही विभक्त्या कानाला कळायला हव्यात, दुखणं थांबलं की अजून चालू आहे हे क्रियापदावरून ओळखायला हवं. व्याकरण इतकं गरजेचं असतं, हे मला त्या खुर्चीसमोर उमगलं. आजीला मधे तोडलं की तुम्ही आजीच्याच आवाजात रुसायचात!

आणि त्या नोटा. वीस रिव्नाच्या (रिव्ना म्हणजे युक्रेनचं चलन) नोटेवर इवान फ्रांको, शंभराच्या नोटेवर तारास शेव्चेन्को, दोनशेच्या नोटेवर लेस्या उक्राइन्का. किराणा घेताना रोज हातात येणारी ही कवी-लेखक माणसं कोण, हे आम्हाला तुमच्याकडून कळलं. आम्ही राहत होतो त्या शहराला १९६२ साली फ्रांकोंचं नाव मिळालं. शेव्चेन्को भूदासाच्या, म्हणजे जमीनदाराच्या मालकीच्या शेतकऱ्याच्या, घरात जन्मले. १८३८ मध्ये पैसे भरून त्यांची सुटका करावी लागली. लेस्या उक्राइन्कांनी ऋग्वेदातल्या सूक्तांचा युक्रेनियनमध्ये अनुवाद केला होता, तो तुम्ही आम्हा भारतीय मुलांसाठी मुद्दाम शोधून आणलात. त्या दिवशी वर्गात मला फार अभिमान वाटला, त्यांचाही आणि आपलाही.

१८७६ च्या फर्मानाने रशियन साम्राज्यात युक्रेनियन पुस्तकं छापायला बंदी आली, तेव्हा ती ऑस्ट्रियाच्या राज्यातल्या लव्हिवमध्ये छापली गेली. १९३३ साली सोव्हिएत राजवटीने वर्णमालेतलं ‘गे’ हे अक्षरच काढून टाकलं, ते १९९० मध्ये परत आलं. हे शिकवताना तुमचा आवाज बदलायचा. आपली भाषा फळ्यावर लिहायला मिळणं ही कुणासाठी किती मोठी गोष्ट असते, ते मी तिथे पाहिलं.

२४ फेब्रुवारी २०२२ ला शहराच्या विमानतळावर रशियाची क्षेपणास्त्रं पडली. आम्ही रुमानियाच्या सिरेत सीमेकडे निघालो. गर्दीत आमच्यातल्या एकीला ताप भरला, तेव्हा सीमेवरच्या जवानांना तिची अवस्था नीट सांगता आली ती तुमच्यामुळे. पुढे त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून वीजकेंद्रांवर हल्ले सुरू झाले. दिवे गेले तरी तुम्ही मोबाइलवरून आमचा तास घेत राहिलात. घरात थंडी, बाहेर भोंगे, आणि तुम्ही आमचा एकेक उच्चार सुधारताय. बाई, त्या तासांचे आभार तेव्हा मानायला शब्दच सुचले नाहीत. आज मानते, अगदी मनापासून.

तुमच्या तासाच्या वह्या मी जपून आणल्या आहेत. बॅचमधल्या आम्ही मराठी मुली अजूनही फोनवर अधूनमधून युक्रेनियनमध्ये बोलतो. जमेल तसं, पण बोलतो. डोंगरातलं तुमचं गाव दाखवायचं तुम्ही कबूल केलं होतंत. तिकडची विमानं पुन्हा सुरू झाली की मी येणार आहे.

तुमची विद्यार्थिनी,
लातूर