चि. मृण्मयीस, ‘औदुंबर’विषयी

सदाशिव पेठ, पुणे

चि. मृण्मयीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचे दुसरे प्रकरण मिळाले. पडद्यावर वाचले की माझे डोळे चुरचुरतात, म्हणून बाबांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून त्याची छापील प्रत काढून आणली आणि मी ती पेन्सिल हाती घेऊन सावकाश वाचली. बालकवींच्या ‘औदुंबर’ या कवितेच्या आठ ओळींवर माझ्या मुलीने एवढे लिहावे, याचा मला किती अभिमान वाटला ते शैलाताईंना विचार, त्यांना बसवून मी अर्धे प्रकरण वाचून दाखवले. शेवटचा भाग मात्र मला पटला नाही. फोनवर त्यावरून आपल्या दोघींचा आवाज चढला, म्हणून आता लिहायला बसले आहे. रुळांचा विषय या पत्रात काढायचा नाही, असेही ठरवले आहे.

तुझे म्हणणे असे, की काळा डोह म्हणजे मृत्यू, त्याच्याकडे जाणारी पायवाट म्हणजे कवीचे आयुष्य, आणि ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ बालकवींना जो मृत्यू आला त्याची चाहूल या कवितेत आधीच लागलेली आहे. ज्याचा शेवट आपल्याला ठाऊक असतो, त्याच्या प्रत्येक सावलीत आपल्याला तोच शेवट दिसू लागतो. पण कवितेने तो तिथे ठेवला आहे की नाही, हे तिच्या बांधणीलाच विचारायला हवे.

यमके पाहा. पहिल्या दोन ओळींचे एक आणि शेवटच्या दोन ओळींचे एक, पण मधल्या चारही ओळी एकाच यमकावर उभ्या आहेत: टेकडीकडे, पुढे, पडे, डोहाकडे. म्हणणाऱ्याला मध्ये कुठे थांबताच येत नाही. प्रत्येक ओळीत आठ-आठ मात्रांचे तीन तुकडे आणि शेवटी एक आखूड तुकडा आहे, हे तू दाखवलेसच. आता मांडीवर ताल धरून ‘पायवाट पांढरी तयांतुनि अडवीतिडवी पडे’ ही ओळ म्हण. बाकीच्या ओळींत पहिल्या आठ मात्रांपाशी शब्द तरी संपतो, नाही तर ‘कुरणामधुनि’सारखा जोडावर सुटतो, फक्त इथे ‘पांढरी’ मधोमध तुटते, ‘पां’ अलीकडे आणि ‘ढरी’ पलीकडे. वाट वाकडी आहे असे सांगणाऱ्या ओळीतच ताल वाकडा चालतो. तुझ्या प्रकरणात हे आलेले नाही आणि ते यायला हवे.

मग शेवटची दोन कडवी नव्हे, ओळी (तू ‘कडवी’ लिहिले आहेस, तेवढे दुरुस्त कर). झरा वाहतो, पायवाट चालते, आणि तिथे पोहोचल्यावर औदुंबर बसलेला असतो. ‘कडे’, ‘पडे’ या तीन मात्रांच्या जागी ‘वर’ आणि ‘बर’ अशा दोनच मात्रा उरतात आणि आवाज धरून ठेवावा लागतो. इतका वेळ जी गती ओढून नेत होती ती इथे विसावते; बुडत मात्र कोणीच नाही. काळिमाही कवीला गोड वाटला आहे. कवितेत एकटेपण आहे, हे मी मान्य करते, कारण चार घरांचे गाव असूनही एक माणूस दिसत नाही; पण एकटे बसणे आणि मरणे यांत फरक आहे.

तुला आठवते का ठाऊक नाही, तिसरीत असताना आजोबांनी ओंकारेश्वरापाशी तुला ही कविता पाठ करवली होती, आणि घरी येऊन तू पाण्यात पाय सोडून बसलेले झाड काढले होतेस. काठावर तांबड्या खडूने दोन चपला काढल्या होत्यास. पाण्यात पाय टाकायचे तर त्या काढायलाच हव्यात, असे तू आजोबांना बजावले होतेस, आणि ते दिसेल त्याला ते चित्र दाखवत सुटले होते. तुझ्या प्रकरणातल्या त्या उदास पानांत मला ती चपला काढणारी मुलगी सापडली नाही.

मी पुन्हा वर्गात उभी राहिल्यासारखी बोलू लागले. राग मानू नकोस. मार्गदर्शक तुझे आहेत, प्रबंध तुझा आहे, आणि जळगावात राहून, बालकवींच्या जन्मगावी, धरणगावला जाऊन तू जे पाहते आहेस ते मी पाहिलेले नाही.

पण भादलीला एकटी गेलीस, हे मला आधी सांगायला हवे होतेस. बालकवींचा जन्म १८९० च्या ऑगस्टमधला, म्हणजे गेले तेव्हा वय सत्तावीस, आणि येत्या फेब्रुवारीत तुलाही सत्तावीस पूर्ण होतील. कवितेत मृत्यू शोधू नये असे मीच वर लिहिले आहे आणि हा हिशेबही मीच करत बसले आहे. रूळ ओलांडताना मालगाडी यावी, यात काव्य काही नाही. खोलीवर लवकर पोहोचण्यासाठी तू रुळांवरून जातेस आणि ‘सगळेच जातात’ असे सांगतेस. सगळे जाऊ देत. पुलाने किती वेळ जास्त लागतो? डोक्यात ओळी घोळवत चालायची तुझी सवय लहानपणापासूनची आहे. लक्ष्मी रस्त्यावर बाबांनी तुला हाताला धरून किती वेळा मागे ओढले असेल!

यमकांचा आणि पायवाटेच्या ओळीचा भाग नव्याने लिहिलास की पाठव. मृत्यूचा मुद्दा ठेवणार असलीस तर ठेव, मात्र त्याला कवितेतला आधार दे, चरित्रातला नको. थंडीच्या आधी दुलई पाठवणार आहे, तेव्हा पत्ता तोच आहे का ते कळव. खोली बदलायची ठरवलीस तर रुळांच्या अलीकडची पाहा. भाडे जास्त पडले तर बाबा देतील.

तुझी आई