गळतीचं मूळ शोधणाऱ्या मिस्त्रींना

मिस्त्री, सप्रेम नमस्कार.

जावळीच्या पावसात आपल्या शाळेच्या दोन वर्गखोल्यांचा स्लॅब यंदा कोरडा राहिला. त्यासाठी तुम्ही नेमकं काय केलंत, ते इतर शाळांनाही कळावं म्हणून शाळा व्यवस्थापन समितीचं हे जाहीर पत्र.

पाणी टपकतं त्याच्या बरोबर वर भोक असणार, असा सगळ्यांचा समज. तुम्ही आधी पॅरापेटच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या कडेने कोबा, म्हणजे स्लॅबवरचा विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर, ठोकून पाहिलात. बद्द आवाज आला तिथे तो सुटलेला होता. भिंत आणि स्लॅबच्या सांध्यातून पाणी शिरायचं, कोब्याखाली पसरायचं आणि आठ-दहा फुटांवर फळ्यापाशी टपकायचं. आधी दोनदा वरून डांबर फासून झालं होतं. ते उन्हाने तडकलं, आणि आत गेलेलं पाणी त्याच्याखालीच कोंडून राहिलं.

जुन्या कोब्यावरच नवा घाला, खर्च वाचेल, असा आग्रह झाला तेव्हा तुम्ही ठाम नाही म्हणालात. चार इंची कोब्याचं वजन चौरस मीटरला दोनशे किलोच्या घरात जातं. तेवढंच ओझं पुन्हा गंजलेल्या सळ्यांवर कसं टाकायचं? खालून टेकू देऊन, ब्रेकर न लावता, छिन्नी-हातोड्याने तुम्ही जुना कोबा काढलात. त्या नकाराबद्दल सर्वांत जास्त आभार.

नव्या कोब्याला 1:100 उतार दिलात, पॅरापेट आणि गच्ची मिळते तिथला कोपरा गोल वाटा करून भरलात. 72 चौरस मीटर गच्चीला 75 मिमीचा एकच पाईप होता. तासाला 100 मिमी पाऊस धरला, तर 100 मिमीचा पाईप जेमतेम 40 चौरस मीटरचं पाणी नेतो. म्हणून 110 मिमीचे दोन बसवलेत. मग पाईपांची तोंडं बंद करून तीन दिवस पाणी साठवून पाहिलंत, आणि त्यानंतरच छताच्या खालच्या बाजूला हात लावलात. हा क्रम बहुतेक ठिकाणी उलटा होतो.

लोखंड गंजलं की फुगतं आणि पोपडे पाडतं. वरून नुसतं प्लास्टर टिकत नाही. तुम्ही सळीच्या मागपर्यंत काँक्रीट खरवडलंत, तारेच्या ब्रशने गंज काढून झिंक प्रायमर लावलात. झिजलेल्या 8 मिमी सळीच्या जोडीला नवी सळी, दोन्ही टोकांना 400 मिमी लॅप, म्हणजे जुन्या सळीवर तेवढी चढवून. जुनं-नवं जोडणारा बाँडकोटचा हात चिकट असतानाच लॅटेक्स (चिकटपणा वाढवणारं रबरी द्रावण) घातलेला 1:3 सिमेंट-वाळूचा माल थराथराने भरलात.

गच्चीवरची गोणपाटं मे महिन्याच्या उन्हात सात दिवस ओली ठेवणाऱ्या मावशींना आमचा नमस्कार सांगा. कोब्याला भेग नाही, ती त्यांची मेहनत.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे दर पंधरा दिवसांनी पाईपांच्या जाळ्यांवरची पानं काढतो. पॅरापेटला पिंपळाचं एक रोप आलं होतं, तेही दोन पानांवर असतानाच मुळासकट काढलं.

आपली,
शाळा व्यवस्थापन समिती