गुडघ्यांची एफडी

आखेन, जर्मनी
रविवार, २६ ऑक्टोबर २०२५

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

रोज फोन होतो तरी पत्र कशाला, असं बाबा म्हणतील. फोनवर मी विषय काढला की आई "जेवलीस का?" विचारते आणि तुम्ही "पुढचं पुढे बघू" म्हणता. पत्राला मध्ये तोडता येत नाही, म्हणून.

आधी मुख्य गोष्ट सांगून टाकते, मग हवं तेवढं रागवा. मी काम धरलंय. इथे विद्यापीठाच्या मेसला मेन्झा म्हणतात, तिथे सोमवार, बुधवार, शुक्रवार दुपारी, आठवड्याचे दहा तास. पट्ट्यावरून ताटं येतात, त्यातलं उष्टं काढायचं आणि ताटं मशीनमध्ये लावायची. हो, भांडीच. पण घासायचं काम मशीनचं आहे. १६ तारखेला सही केली, चार वेळा जाऊनही आले. त्यामुळे बाबा, मी विचारत नाहीये, कळवतेय. आणि दादाच्या बारावीचं उदाहरण काढू नका. ते वेगळं होतं.

हिशेब तुमच्याच पद्धतीने मांडते. तुम्ही एफडी मोडून ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे महिन्याला ठरावीकच रक्कम सोडणाऱ्या खात्यात, ११,९०४ युरो भरलेत, त्यातून मला महिन्याला ९९२ मिळतात. खोलीचे ३१० आणि विम्याचे जवळपास दीडशे गेले तरी पाचशेच्या वर उरतात, आणि तेवढ्यात माझं छान भागतंय. मेन्झाचे तासाला १२.८२ युरो, म्हणजे महिन्याला साडेपाचशेच्या आसपास, ते सगळे बाजूला पडतील. परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायची परवानगी आहे, मी त्याच्या जवळपासही जात नाही. पुढच्या सेमिस्टरला एखाद्या प्रोफेसरकडे हिवीचं, म्हणजे विद्यार्थी-मदतनीसाचं, काम मिळतंय का बघेन, तिथे प्रयोगशाळा असते, ताटं नाहीत. एवढ्यावर दुसऱ्या वर्षाचं मी भागवेन. म्हणून ती दुसरी एफडी, जी तुम्ही माझ्यासाठी ठेवलीये आणि आईला "उन्हाळ्यात बघू" सांगताय, ती माझी नाही. ती आईच्या गुडघ्यांची आहे.

आई, पाडव्याला व्हिडिओ कॉलवर तू पाऊण तासात खुर्चीतून एकदाही उठली नाहीस. चकल्या काकू तळत होत्या, आपल्या घरात, तू असताना. मला कळत नाही असं वाटलं का तुला?

माझी काळजी अजिबात करू नकोस. खोली लहान आहे पण उजेड भरपूर. खिडकीखाली हीटर आहे, त्याची कळ १ ते ५ पर्यंत फिरते, मी ३ वर ठेवते आणि तू दिलेले मोजे घालून झोपते. नळाचं पाणी सरळ पिता येतं. स्वयंपाकघर सात जणांत एक, पण माझा कुकर आता सगळ्यांच्या ओळखीचा झालाय. पहिली शिट्टी झाली तेव्हा एक मुलगी धावत बाहेर गेली होती. फजिती फक्त पहिल्याच दिवशी झाली. शनिवारी रात्री पोचले आणि रविवारी दुकानं बंद! सगळी. तो दिवस तुझ्या लाडवांवर आणि मेतकुटावर काढला. मग दही म्हणून एक डबा आणला तर निघालं क्वार्क. चव घेतली आणि हसू आलं, अगं, चक्काच तो! पाडव्याला मेन्झातून आल्यावर साखर, वेलची घालून श्रीखंड केलं. तुझ्याइतकं घोटलं नाही, तरी सातही जणांनी वाटी चाटली.

बाबा, इथे पत्रपेटीवर नाव नसेल तर पत्रच मिळत नाही. दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी करायची, घरमालकाचा कागद जोडायचा, मग विमा, मग बँक. सगळं रांगेत उभं राहून केलं, तुमच्या फाइलच्या सवयीचा उपयोग झाला. पेटीवर आपलं आडनाव आहे. फोटो पाठवलाय, पण तुम्ही तो उघडलेला दिसत नाही.

गावाच्या मध्यावर गरम पाण्याचा झरा आहे. रोमन लोकांनी इथे स्नानगृहं बांधली होती, शार्लमेन राजाही या पाण्यासाठीच इथे रमला म्हणतात. वास अगदी आपल्या कोकणातल्या उन्हवऱ्याच्या झऱ्याचा, गंधकाचा. पहिल्यांदा तिथून गेले आणि पायच निघेना. उन्हवऱ्याच्या त्या सहलीत, आई, तू पाण्यात पाय सोडून बसली होतीस आणि "आता उठवू नका मला" म्हणाली होतीस. तेव्हा आम्ही सगळे हसलो. तिसरीत माझा पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हा दीड महिना तीन जिने मला उचलून न्यायचीस. गुडघे वयाने झिजतात हे मला माहितीये. तरी मनात येतंच.

तर आता ऐका. गुडघ्यांच्या ऑपरेशनची जानेवारीतली तारीख घ्या, पुढे ढकलायची नाही. दादाने पंधरा दिवसांची रजा सांगून ठेवलीये, मी बोलले आहे त्याच्याशी. बाबा, तुमची शुगर त्याआधी तपासून घ्या, हॉस्पिटलात धावपळ तुम्हीच करणार. आई, मांडी घालून बसणं आजपासून बंद, देवपूजाही खुर्चीवरून. देव रागवत नाहीत. बाथरूममध्ये धरायला दांडा लावून घ्या, दिवाळी संपली, सुतार मोकळा असेल.

मी त्या वेळी येऊ शकणार नाही. फेब्रुवारीत परीक्षा आहेत आणि तिकिटाचे पैसे असे खर्च केले तर वरचा सगळा हिशेब कोसळतो. हे वाक्य तीनदा लिहून खोडलं. तू शुद्धीवर येशील तेव्हा फोनवर मी असेन, इथे कितीही वाजले असोत.

बाकी क्षेम. काकूंना चकलीचं भाजणीचं माप विचारून ठेव.

तुमची,
मनी

ता. क. आज पहाटे इथली घड्याळं एक तास मागे गेली. आता तुम्ही साडेचार तास पुढे, म्हणून रात्री नऊला फोन करा, तेव्हा माझे साडेचार वाजलेले असतील. आणि आई, फोन टेबलाला टेकवून ठेव आणि स्वयंपाकघरापासून दारापर्यंत चालून दाखव. पंखा नको दाखवूस.