खिडकी उघडी ठेवून बस

पेण, रविवार रात्र

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

दुपारी फोन ठेवल्यापासून हे पत्र मनात चालू आहे. फोनवर मला धड बोलता येत नाही, नको ते आधी तोंडातून निघतं. तू एवढ्या हौसेने तुझ्या खेळातल्या चिमुकल्या जहाजांचा नवा ताफा दाखवत होतास आणि मी मध्येच ‘टेबलावर ते पांढरं काय सांडलंय’ म्हणून ओरडलो. ‘रेझिन घासत होतो बाबा,’ तू म्हणालास आणि खोकलास. पुढचं माझ्या कानात शिरलंच नाही. आई म्हणते, मी फोन तसाच तिच्या हातात दिला.

स्कॅनचं तिने तुला सांगितलंच असेल. त्यावर मी लिहिणार नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी विचारलं, किती वर्षं मूर्तींच्या कामात? म्हटलं, एक्केचाळीस. मास्क लावायचात का? मी गप्प बसलो. एवढंच झालं. औषध चालू आहे, जिन्यात मध्ये एकदा थांबतो. मोठ्या काकांसारखं काही नाही.

तर तुझ्या जहाजांबद्दल. तू पाठवलेले फोटो मी संध्याकाळी कारखान्यात नेले. आखणीवाल्या अण्णांनी चष्मा कपाळावर चढवून फोन डोळ्यांपाशी धरला आणि विचारलं, ‘ही रेघ हातानेच मारलीय?’ मी हो म्हटलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग पोरांना हाक मारून म्हणाले, इकडे या, हे बघा. गणपतीच्या भुवया ज्याने चाळीस वर्षं एका दमात ओढल्या, त्या माणसाने तुझी रेघ पोरांना दाखवली. मला तिथे उभं राहवेना, मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो.

एकास बाराशे हे प्रमाण मी कागदावर मांडून बघितलं. शंभर मीटरचं जहाज साडेआठ सेंटीमीटरसुद्धा भरत नाही. त्यावर उभा असलेला माणूस जेमतेम दीड मिलिमीटर. आणि तू त्यात तोफांचे घुमट वेगळे काढलेस, डेकच्या फळ्या वेगळ्या काढल्यास. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या आरमाराचे रंगही बरोबर धरलेस : काळं अंग, वरचं बांधकाम पांढरं, धुराडी पिवळसर गेरूची. त्यांची जहाजं राखाडी झाली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, हे तूच मला सांगितलं होतंस. काळ्यावर पांढरा रंग चढवणं किती अवघड असतं ते मला विचार. पांढरा कधी एका हातात बसत नाही. तू तीन पातळ हात दिले असणार, कडेला दाटलेला कुठेच दिसत नाही.

खरं सांगायचं तर मी या खेळाला खेळणं म्हणालो होतो. २०१९ च्या गौरींना, सगळ्यांसमोर. ‘नोकरीचे पैसे खेळण्यांवर घालतोस,’ असं. तू ताटावरून उठलास. आत्याने मला त्या दिवशी सुनावलं, पण तुझ्याशी मी आजवर त्यावर बोललो नाही. चुकलं माझं. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली.

दोन वर्षांपूर्वी आम्ही तिकडे आलो तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की इंग्लंडातलं तुझं नॉटिंगहॅम हे एका अर्थी आपलं पेणच आहे. एकाच गावात एवढे साचे, एवढे ओतणारे, एवढे रंगवणारे. असे छोटे सैनिक बनवणाऱ्या कंपन्या, गेम्स वर्कशॉप तिथलंच, वॉरलॉर्ड तिथलंच. आपल्याकडे हमरापूरला, जोह्याला जसं घराघरात काम चालतं तसं तिथे गल्लीत चालत नसेल, पण हात तेच. तू स्पार्टन गेम्स या कंपनीची गोष्ट सांगितलीस ती माझ्या डोक्यात राहिली. तुझा हा टेबलावरच्या लढाईचा खेळ, ‘डिस्टोपियन वॉर्स’, त्यांनी २०१० मध्ये आणला, १८७० च्या सुमाराचं जग घेऊन त्यात वाफेवरची अजस्र जहाजं आणि एअरशिपा, म्हणजे वायूने भरलेली उडती जहाजं, सोडली. २०१७ मध्ये ती कंपनी बंद पडली आणि खेळ वॉरक्रेडल या दुसऱ्या कंपनीकडे गेला. तू कपाटातून जुनी स्पार्टनची जहाजं काढलीस, रेझिनचं अंग आणि त्याला पांढऱ्या धातूचे घुमट, आणि शेजारी आताची प्लास्टिकची ठेवलीस. कारखाना बसला की साचे दुसऱ्याच्या अंगणात जातात, हे मी इथे किती वेळा पाहिलंय. मधल्या आळीतल्यांचे साचे आपल्याकडे आले तेव्हा तू पाचवीत होतास. त्यातला तो उजव्या सोंडेचा साचा अजून आहे.

आणि हार्टलपूलची ती जुनी युद्धनौका. आईचे पाय दुखत होते तरी ती डेकवर चढली. ‘ट्रिंकोमाली’ १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधली, सागवानाची, आणि ती तिथे अजून पाण्यावर उभी आहे! मी लाकडावर हात ठेवला. तू म्हणालास, बाबा, माझी सगळी लोखंडी जहाजं हिच्यानंतरची. मग चहा पिताना तू मला ‘कॅप्टन’ नावाच्या युद्धनौकेचं सांगितलंस. घुमटात फिरत्या तोफा असाव्यात म्हणून कोल्स नावाचा अधिकारी वर्षानुवर्षं भांडला, शेवटी त्याच्या मनासारखी नौका झाली. पण ती ठरल्यापेक्षा जड भरली, पाण्यात खोल बसली आणि वर शिडांचा सगळा बोजा. सप्टेंबर १८७० मध्ये स्पेनच्या किनाऱ्यापासून जवळच वादळात उलटली. पावणेपाचशेच्या आसपास माणसं गेली आणि कोल्स स्वतः तिच्यावर होता. पुढच्याच वर्षी ‘डेव्हस्टेशन’ पाण्यात उतरली, तिला शिडंच नव्हती.

तो कोल्स मला अधूनमधून आठवतो. स्कॅनच्या मशीनमध्ये आडवा होतो तेव्हाही आठवला. ज्या कामावर एवढा जीव, त्यानेच.

लिहिणार नाही म्हटलं होतं. तरी लिहितो, कारण झोप येत नाही. रेझिन कोरडं घासू नकोस. पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घास, नग पाण्याच्या भांड्यावर धर, म्हणजे भुकटी पाण्यातच बसते. ते पाणी सिंकमध्ये ओतू नकोस, खाली बसू दे आणि गाळ कागदात पुसून टाक. टेबल ओल्या फडक्याने पूस, झाडू नको. मास्क कापडाचा नको, बारीक कणांसाठी मिळतो तो आण, नाकावर घट्ट बसणारा. प्राइमरचा स्प्रे घरात कधीही नाही. आणि ब्रशला टोक आणायला तोंडात धरू नकोस, ती खोड तू माझ्याकडून उचललीस. सेकंड हँड बाजारातून जुने ओतीव नग आणतोस, त्यात शिसं असू शकतं, ते घासल्यावर हात साबणाने धू आणि मगच चहाचा कप उचल.

बघ, भाषण झालं. तू बत्तीस वर्षांचा आहेस, वाकडं आलेलं रेझिन गरम पाण्यात धरून सरळ करायचं तूच मला शिकवलंस. रागावू नकोस.

पण बाळा, तिकडे आता थंडी. मला माहीत आहे तू काय करतोस. खिडकी लावून, हीटर लावून, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत त्या दिव्याखाली बसतोस. ती खोली मी पाहिली आहे. एक खिडकी, तीही टेबलामागे, तिच्यासमोर तू रंगांच्या बाटल्यांची मांडणी उभी केली आहेस. ती मांडणी दुसऱ्या भिंतीला लाव.

एक गोष्ट मी आईलाही कधी बोललो नाही. तू सहा वर्षांचा असशील. जूनचा महिना, माल वेळेत जायचा होता, माणसं कमी. मी तुला पाटावर बसवलं आणि पॉलिश पेपरचा तुकडा देऊन उंदीर घासायला दिले. तुला काय आनंद झाला होता. चार तासांनी उठलास तेव्हा केस, पापण्या, सगळं पांढरं. सगळे हसले, मीही हसलो, अण्णांनी तुला आरसा दाखवला. त्या रात्री तुला दम लागला. आई तुला मांडीवर घेऊन पहाटेपर्यंत बसून होती. ती म्हणाली, धूळ गेली असेल छातीत. मी म्हटलं, पावसाळी हवा आहे. आणि पुढच्या आठवड्यात तुला परत पाटावर बसवलं. चार वर्षं बसवलं. तुझा हात तिथे तयार झाला, हे मी लोकांना अभिमानाने सांगतो. खोकलाही तिथेच तयार झाला असेल, हे सांगत नाही.

म्हणून फोनवर ओरडलो. तुझ्यावर नव्हतो ओरडत.

डॉक्टरांकडे जाऊन ये. तिकडे वेळ मिळायला उशीर लागतो म्हणतोस, तर आजच नाव घाल. आणि त्यांना कारखान्याचं सांग, लहानपणी पीओपीच्या धुळीत होतो असं स्पष्ट सांग. लपवू नकोस, माझी अब्रू जात नाही त्यात.

त्या चांदीच्या रंगाच्या मोठ्या एअरशिपकडे मी पुन्हा पुन्हा बघतोय. तू म्हणालास की हिचा घाट खऱ्या ‘आर १०१’ वरून घेतलाय, जी १९३० च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडहून कराचीला निघाली आणि फ्रान्समध्ये बोव्हेजवळ कोसळली. कराचीत तिच्यासाठी मोठी शेड बांधून ठेवली होती. वाट बघणाऱ्या लोकांचं काय झालं असेल, असा प्रश्न तुझ्या आईने विचारला. ती अजून त्यावरच आहे. तू तिच्याशी बोल.

तुझ्या स्पर्धेला कुठला ताफा नेणार ते कळव. काळा-पांढरा ने. आणि रविवारी फोन केलास की आधी खिडकी दाखव, मग जहाजं.

तुझे,
बाबा

ता. क. चांदीच्या एअरशिपच्या पोटाखालची सावली जराशी जड झाली आहे. रंग पातळ कर आणि मधून कडेकडे ओढ. उंदराच्या पोटाला करायचास तशी.